मडगार्डखालची जागा

चैत्रात मी सायकलवरून पडलो. कर्वेनगरात सिमेंटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये एक लांबच लांब फट राहून गेली आहे. माझ्या जुन्या सायकलचे अरुंद टायर त्या फटीत नेमके बसले. चाक थांबले, मी थांबलो नाही. उजवे मनगट मोडले.

हात प्लास्टरमध्ये असताना मुलाने ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. मला विचारले नाही. विचारले असते तर मी नकार दिला असता, हे त्याला ठाऊक होते. "बाबा, आता सायकल बंद. जिथे जायचं असेल तिथे मी गाडीने नेईन," असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सत्तरी उलटलेल्या माणसाचे हाड सांधायला किती वेळ लागतो, हे रुग्णालयात त्यानेही माझ्याबरोबर ऐकले होते.

प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीचा होता. ती सोलापूर रस्त्यावर, यवतच्या अलीकडे, महामार्गापासून बऱ्याच आत असलेल्या एका गावात राहते. आई गेल्यावर तिने मला वाढवले. याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. निवृत्तीनंतर मी दर महिन्याला सायकलने तिच्याकडे जात असे आणि एक मुक्काम करून परत येत असे.

मुलाने शब्द पाळला. त्याने मला दोनदा गाडीने नेले. दोन्ही वेळा आम्ही चहा घेतला, त्याने घड्याळ पाहिले आणि आम्ही निघालो. यात त्याचा दोष नाही, त्याला सोमवारची कामे असतात. गाडीने गेलेला माणूस परतण्याच्या तयारीनेच उंबरा ओलांडतो. सायकलने गेलेल्याला मुक्काम करावाच लागतो. बहीण संध्याकाळी फारशी बोलत नाही. तिला जे सांगायचे असते ते ती पहाटे, चूल पेटवताना सांगते. ते ऐकायचे तर रात्री तिथे असावे लागते.

प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी जेवताना मी म्हणालो, "मी सायकल घेणार आहे."

मुलाने घास खाली ठेवला. माझी पत्नी म्हणाली, "अहो, उजवा हात बरा झाला म्हणून डावा मोडायलाच हवा, असा काही नियम नाही."

त्यानंतर सूनबाई बोलली. ती यवतमाळकडची. हडपसरच्या एका आयटी कंपनीत नोकरी करते, घरात कमी बोलते. ती म्हणाली, "सायकल घेऊ. पहिल्यांदा मी बाबांसोबत आत्यांकडे जाईन, ऑफिसातल्या मैत्रिणीची सायकल घेऊन. मला पटलं नाही, तर सायकल विकून टाकायची. बाबांनी परत विषय काढायचा नाही."

"आणि पटलं तर?" मुलाने विचारले.

"तर तू काढायचा नाही."

"चला, घरात कोणीतरी निकाल दिला," पत्नी म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

अट न्याय्य होती. मी ती मान्य केली. एवढे मात्र स्पष्ट होते, की एका खेपेवर माझे पुढचे सगळे मुक्काम अवलंबून होते.

सायकल कशी हवी, याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता. टायर रुंद हवे, म्हणजे रस्त्याची फट त्यांना गिळणार नाही. मडगार्ड हवेत, कारण पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन बहिणीच्या दारात उभे राहणे मला पसंत नाही. पाठीमागे सामानाचे कॅरिअर हवे. हँडल असे हवे, की मनगटावर भार येणार नाही. या साध्या अपेक्षा आहेत, असे मला वाटत होते.

स्वारगेटजवळच्या एका जुन्या दुकानात आम्ही दोघे गेलो. मालक स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते पुरते खाली केले नाही.

"काय पाहिजे?"

"लांबच्या प्रवासाची सायकल."

"किती लांब?"

"यवतच्या अलीकडे."

"मग एसटी आहे की."

मी माझ्या अपेक्षा सांगितल्या. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "हे बघा काका, वेगाची सायकल घ्याल तर तिच्यात रुंद टायर बसत नाही. डोंगरात उड्या मारायची घ्याल तर रुंद टायर बसतं, मडगार्ड बसत नाही. दोन्ही हवं असेल तर मोटारसायकलचं दुकान पलीकडे आहे."

"दोन्ही बसणारी सायकल असते," सूनबाई म्हणाली.

"असते. खपत नाही. म्हणून मागे ठेवलीये."

ते उठले आणि आतून एक सायकल घेऊन आले. लोखंडी फ्रेम, रंग शेवाळी. पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात चाक बसते तो दुभंगलेला भाग, चांगला ऐसपैस होता. मडगार्ड आणि कॅरिअरसाठी फ्रेमवर जागोजागी आटे पाडलेली भोके होती. ब्रेक चाकाच्या मध्यावर होता, त्यामुळे टायरच्या वरची जागा मोकळी राहिली होती. दिसायला ती सुबक नव्हती. मला आवडली.

मी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. जोडलेल्या दोन भागांमध्ये कागदाहून जाड काही शिरले, की तो माल परत, हे माझे काम. मालकांनी व्हर्नियरकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मोजा, मोजा. सोनं पण आणलं असतंत तर वजन करून दिलं असतं."

मी मोजले. टायरवर छापलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी यांत फरक होता. तो मी सांगितला. ते म्हणाले, "रिमवर चढलं की बदलतं." हे उत्तर बरोबर होते. त्या चिमट्यात बसेल तेवढे सर्वांत रुंद टायर मी निवडले आणि त्यावर घट्ट लपेटून बसतील असे काळे मडगार्ड लावायला सांगितले. त्यांनी ते समोरच लावून दाखवले. टायर आणि मडगार्ड यांच्यात वरपासून खालपर्यंत एकसारखी, बारीक रेघ राहिली. मी आयुष्यभर ज्या कामाला मान्यता दिली, त्या प्रकारचे ते काम होते. मी म्हणालो, "उत्तम."

सूनबाई वाकली. तिने मडगार्डखाली करंगळी घालून पाहिली. ती गेली नाही.

"हे नाही चालणार."

"का? कुठेही घासत नाही."

"इथे नाही घासणार. आत्यांच्या गावाकडे शेवटचा रस्ता काळ्या मातीचा आहे न?"

"आहे. मी त्या रस्त्याने कित्येकदा गेलो आहे."

"पावसाळ्यात?"

पावसाळ्यात मी महामार्गावर एका ओळखीच्या टपरीपाशी सायकल लावून आतला रस्ता चालत जात असे. ते मी सांगितले.

"तेच तर," ती म्हणाली. आणि पुढचे ती ज्या बोलीत बोलली, ती आमच्या घरात एरवी कधी ऐकू येत नाही. "तुम्ही काय मोजून राहिले, बाबा? ती माती टायरला धरते अन् मडगार्डखाली जाऊन बसते. दोन वावराएवढं गेलं की चाकच फिरत नाही. आमच्या गावात पाऊस लागला की सगळे मडगार्ड काढून ठेवत. माझे बाबा मास्तर होते, तेही काढत. गोठ्याच्या भिंतीला लटकवत. थेट दिवाळीला पुन्हा लावत. पाठ पुरी भरायची, म्हणून शाळेत दुसरा सदरा ठेवत."

मालकांनी पहिल्यांदाच रस घेतला. "म्हणजे मडगार्ड नकोच म्हणता?"

"पाहिजे. बाबांना पाहिजे आहे. पण टायर याहून बारीक लावा आणि मडगार्ड उंच बसवा. मधली जागा राहू द्या."

"मॅडम, एवढा मोठा चिमटा लोक घेतात तो मोठं टायर बसावं म्हणून."

"आम्ही चिखल बसावा म्हणून घेऊन राहिलो."

मालक हसले. मी हसलो नाही. मी हिशेब करत होतो. चिमट्यातली सगळी जागा टायरने भरायची नाही, हा विचार मला सुचला नसता. अर्थात टायर बारीक म्हणजे फार बारीक नव्हे. माझ्या जुन्या टायरच्या जवळजवळ दीडपट ते होते आणि कर्वेनगरच्या फटीला पुरून उरणारे होते. मालकांनी टायर बदलले, मडगार्डच्या पट्ट्या लांब केल्या. आता अंगठा आरपार गेला. तपासणी विभागात ही जोडणी मी फेकून दिली असती. मी ती घेतली.

श्रावण उलटल्यावर, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेल्या एका रविवारी आम्ही निघालो. ती माझ्या मागे राहिली, मुद्दामच. तिच्या सायकलला मडगार्ड नव्हते. हडपसरपर्यंत वाहनांची गर्दी होती, पुढे रस्ता मोकळा झाला. मी एकदाही वळून पाहिले नाही. परीक्षकाकडे वळून पाहणे योग्य नव्हे. लोणीला आम्ही चहा घेतला. तिने माझ्या मनगटाविषयी विचारले. मी ठीक आहे असे सांगितले, आणि ते खरे होते.

महामार्ग सोडल्यावर काही अंतर डांबर होते, मग काळी माती लागली. दोन्ही बाजूंना ऊस होता. टायरने माती धरायला सुरुवात केली. ती मडगार्डखाली गोळा होत होती आणि जड झाली की मागच्या टोकाकडून आपोआप खाली पडत होती. चाक जड झाले, पण फिरत राहिले. जुनी सायकल पहिल्या वळणावरच अडली असती.

गाव दिसू लागले तिथे ट्रॅक्टरने रस्ता पुरता कालवला होता. पुढचे चाक घसरू लागले. जोर लावला असता तर कदाचित पार झालो असतो. कदाचित. मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. मागून तीही उतरली. मी परीक्षेत पडलो, असे मी त्या क्षणी धरून चाललो. सोबत कोणी नसते तर मी उतरलो असतो का, हे मला सांगता येणार नाही.

बहीण दारातच उभी होती. तिने आधी माझी पाठ पाहिली, मग सुनेची. सुनेच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा होता.

"ह्यो कोरडा आन् तू अशी? ह्यानं तुला चिखलातनं वडत आणली का काय?"

"बाबांच्या सायकलला मडगार्ड हाय, आत्या," सून म्हणाली. तिथे गेली की ती तिथल्यासारखे बोलते.

"आन् तुझ्या?"

"माझी उसनी हाय."

"मग ह्याची तू घ्यायचीस की. म्हाताऱ्याला कोण बघतंय?"

तिने सुनेला पाणी तापवून दिले. मला दोन्ही सायकली धुवायला सांगितले, पण वर आभाळ भरून आले होते, म्हणून त्या तशाच छपराखाली लावल्या. पहाटे चुलीपाशी ती माझ्याशी बोलली. त्या बोलण्याचा या लेखनाशी संबंध नाही. ते मला ऐकायला मिळाले, एवढे पुरे.

सोमवारी सकाळी लवकर आम्ही परत फिरलो. चिखलाच्या भागात मी पुन्हा उतरलो. परतीच्या वाटेवर मी निकालाची वाट पाहत होतो. सायकल कोणाला विकावी, याचाही विचार करून ठेवला होता. सोसायटीत एक विद्यार्थी आहे, त्याला ती उपयोगी पडली असती.

हडपसरला उड्डाणपुलाच्या अलीकडे सूनबाई कडेला थांबली. मीही थांबलो. तिने मागच्या पिशवीतून इस्त्री केलेले कपडे काढून, चुरगळले नाहीत ना ते पाहिले आणि पुन्हा आत ठेवले. मग तिने ऑफिसचे ओळखपत्र गळ्यात घातले.

"बाबा, मी इथून ऑफिसला जाते. तिथे कपडे बदलायची सोय आहे."

"आणि मी?"

"तुम्ही घरी जा. स्वारगेटला सांभाळून. तिथे रिक्षावाले कुठूनही शिरतात."

ती डावीकडे वळली आणि वाहनांत दिसेनाशी झाली. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. ते कपडे तिने शनिवारी भरले असणार. चिखल लागण्याआधी, मी उतरण्याआधी, आम्ही घरातून निघण्याही आधी. म्हणजे इथून पुढे मी एकटा जाणार, हे तिने तेव्हाच ठरवले होते; माझा निकाल तेव्हाच लागला होता. तिने मला तो सांगितला नाही. सांगितला असता तर मी कसा चालवतो हे तिला दिसले नसते, आणि मला तरी कुठे दिसले असते?

मी एकटा घरी आलो. स्वारगेटला एक रिक्षा शिरली, मी जागा दिली. पत्नीने दार उघडून माझ्या मागे पाहिले.

"सून कुठे आहे?"

"ऑफिसात."

"म्हणजे तुम्ही हडपसरपासून एकटे आलात?"

"हो."

ती आत गेली. तिने मुलाला फोन लावल्याचे मला ऐकू आले. "तुझे बाबा आले. एकटे. नाही, काही झालेलं नाही. तू आता तो विषय काढायचा नाहीस, असं ठरलं होतं ना?"

आभार मानण्याची रीत आमच्या घरात नाही. मानले असते तर सूनबाईला अवघडल्यासारखे झाले असते, आणि मलाही. संध्याकाळी ती मैत्रिणीची सायकल घेऊन आली तेव्हा तिची साखळी, चिमटा आणि चाकांच्या तारा काळ्या मातीने माखून वाळल्या होत्या. ती आंघोळीला गेली. मी पार्किंगमध्ये बादली, जुना ब्रश आणि फडके नेले. त्या मातीला वाळल्यावर दगडाचा गुण येतो. आधी ती भिजवावी लागते, मग काडीने कोरावी लागते, मग पुसावी लागते. मी साखळीला तेल देत होतो तेव्हा ती खाली आली.

"राहू द्या ना बाबा. ती माझी नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि मागच्या चाकाकडे वळलो.