बापाला कसली काळजी?

प्रशिक्षणात आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली होती: मुलांना उत्तरं देऊ नका, विचार करायला लावा. एवढं सांगून आणि चहा पिऊन साहेब गाडीत बसले. विचार करायला लावायचं काम आमच्या गळ्यात पडलं.

आमची आश्रमशाळा धडगावकडच्या डोंगरात. मुलं पावरा आदिवासी, घरी पावरी बोलतात, मराठी शाळेत आल्यावर शिकतात आणि वर आम्ही त्यांच्यापुढे इंग्रजी ठेवतो. मी रनाळ्याची, अहिराणीत वाढलेली. परक्या भाषेत तोंड उघडणं किती जड जातं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून नववीतल्या एका मुलीवर माझा फार जीव होता. ती हुशार होती, पण आपण चुकू या भीतीने कधी बोलायची नाही. तिच्या मागे मी सारखी लागलेली असे: चुकलं तर चुकू दे, पण स्वतःचं लिही.

चाचणीला एक छोटा उतारा आला. मुलीचं लग्न ठरलंय, आई खुशीत आहे आणि बाप अंगणात डोक्याला हात लावून बसलाय. प्रश्न होता, बापाला कसली काळजी आहे? उताऱ्यात कारण दिलेलं नव्हतं, ते ओळखायचं होतं. प्रशिक्षणातल्या साहेबांना आवडेल असाच प्रश्न.

चाचणीचे पेपर आमच्याकडे अदलाबदल करून तपासतात. माझ्या वर्गाचे पेपर इंग्रजीच्या दुसऱ्या सरांकडे गेले. सर वयाने मोठे, मनाने चांगले, तळोद्याकडचे, माझ्यासारखेच अहिराणी बोलणारे. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि मधल्या सुट्टीत ते फोनवर देण्याघेण्याचंच बोलत असत. पेपर परत आले. जवळजवळ सगळ्या वर्गाने गाईडमधलं वाक्य उतरवलं होतं: बापाला हुंड्याची काळजी आहे. सगळ्यांना पूर्ण गुण. माझ्या त्या न बोलणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, मुलाकडच्यांनी कबूल केलेलं अजून आणलं नसेल, म्हणून बाप काळजीत आहे. तिला भोपळा.

मी तो पेपर बघून हसले आणि मग माझं डोकंच फिरलं. पावरा समाजात देज, म्हणजे लग्नात ठरलेली रक्कम, मुलाचा बाप देतो, मुलीच्या बापाला. मुलीने आपल्या अंगणात जे पाहिलं तेच ओळखून लिहिलं होतं. मी वर्गात विचारलं, हुंडा म्हणजे काय रे? पूर्ण गुणवाल्यांनी एका सुरात सांगितलं, "मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात ते, मॅडम."

मी तडक सरांकडे गेले. ते आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "मॅडम, बोर्डना पेपर तपासनारानी धडगाव देखेल नही शे. तो चूकच दी. पोरगी नापास व्हई, मंग?"

"मंग तिनी इचार करानाच नही का, सर?"

मला राग आला होता, पण त्यांच्या म्हणण्यातही खोट नव्हती. या डोंगरात दहावी नापास झालेली मुलगी पुन्हा वर्गात बसत नाही, हे आम्ही दोघेही वर्षानुवर्षं बघत होतो.

संध्याकाळी ती मुलगी व्हरांड्यात गाईड घेऊन बसलेली दिसली. ओठ हलत होते. मला म्हणाली, "मॅडम, आता मी पण पाठच करते." मला रडूच आलं असतं. इतके दिवस खपून जे दार जरासं उघडलं होतं, ते एका भोपळ्याने बंद होत होतं.

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, तुझं उत्तर चूक नाही. पण वाचणारा लांबचा माणूस आहे, त्याला तुझ्या गावापर्यंत आणून सोड. तुमच्याकडे कसं असतं ते आधी सांग, मग तुझं म्हणणं सांग. तिने गाईड मिटलं नाही, पण मान हलवली.

सहामाहीच्या पेपरात सरांनी मुद्दाम तोच उतारा घातला. मला वाटलं, आपलंच खरं करण्यासाठी घातला. पेपर तपासताना मी समोरच बसले होते. तिच्या पेपराशी ते थांबले, पुन्हा वाचू लागले आणि मग माझ्याकडे सरकवला.

इंग्रजी मोडकंतोडकंच होतं. तिने लिहिलं होतं, काही गावांत मुलीचा बाप देतो, म्हणून त्याला काळजी. आमच्या गावात मुलाचा बाप देतो, मुलीचा बाप वाट बघतो, म्हणून त्यालाही काळजी. उताऱ्यात आईचं आहे, बापाचं आहे. मुलगी कुठे बसली आहे आणि तिला कसली काळजी आहे, ते कुणी लिहिलेलं नाही.

सरांनी पूर्ण गुण दिले. मग चष्मा काढून ठेवला, व्हरांड्यात गेले आणि रेंज शोधत शोधत पार फाटकापर्यंत पोचले. तिथून त्यांचा आवाज ऐकू आला. फोनवर त्यांची बायको असावी.

"नही, देन्याघेन्यानं नंतर बोलू. पोरगीले फोन दे. तिले काही इचारानं शे."