माझ्या ताटावरचा पहारा

मला दिवस गेले आणि हुमनाबादच्या आमच्या घरात माझ्या ताटावर पहारा बसला. पहारेकरी एकच, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं नाक असं, की हायवेवरच्या ढाब्यात डाळीला फोडणी बसली तर हिंग किती पडला ते घरातून सांगतील. पपई संशयित. तीळ संशयित. शेंगदाण्याची चटणी उष्ण, म्हणजे अट्टल गुन्हेगार. भाकरी अर्धीच. "लई खाल्लं की लेकरू भोपळ्याएवढं हुतंय, मग अडतंय," हा त्यांचा कायदा.

तिकडं बसवकल्याणला माझ्या आईचा संशय उलटा. सासरचे लेकीला उपाशी मारायलेत! ती कंडक्टरच्या हाती लाडवांचे डबे धाडायची. त्या वजनानं बस एका अंगाला कलून यायची. "दोघांचं खायाचं असतंय गं!" फोनवरचा तिचा आवाज फोनशिवायही पोचला असता. डबा आला की आत्याबाई तो हुंगायच्या, एक लाडू फोडून आत बघायच्या आणि सगळे कपाटात कोंडायच्या.

मीही काही कमी नव्हते. ही बाई माझ्या वाटचं तूप गुपचूप खात असणार, याची मला खात्रीच होती. स्वयंपाकघरात वाटी वाजली की माझे कान उभे.

मग तपासणीत माझं रक्त कमी निघालं.

"असंच राहिलं तर बाळंतपण इथं न्हाई, कलबुर्गीला न्यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांचं जेवू नका, अर्धपोटीबी राहू नका. भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी, शेंगदाणे, एखादं फळ, थोडं थोडं चार-पाच वेळा खा. रक्तवाढीची गोळी रोज, पण चहासोबत न्हाई."

आत्याबाई रक्त तपासायच्या मशीनकडं डोळे बारीक करून बघत होत्या.

"बाई, हे यंत्र खोटं बोलायलंय. मी हिच्याहून कमी खाते, मला कुठं काय झालंय? घ्या, माझं बघा!" आणि बोट पुढं केलं.

त्यांचं माझ्याहून कमी निघालं.

"अम्मा, तुम्ही जेवता काय?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं.

"सगळ्यांचं झालं की उरलेलं."

"आणि न्हाई उरलं तर?"

"च्या हाय की."

माझा तूपचोर तिथल्या तिथं निर्दोष सुटला.

कपाट उघडलं. रोज एकेक लाडू आणि एकेक गोळी, दोघींना. जेवायलाही आम्ही बरोबर बसू लागलो, प्रेमानं न्हाई, एकमेकींवर नजर ठेवायला.

"गोळी गिळलीस का? जीभ दाखव."

"आधी तुमची दाखवा, आत्याबाई."

पुढच्या तपासणीत दोघींचं रक्त चढलं. "आता इथंच होईल बाळंतपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. आत्याबाई मात्र दोन्ही आकडे परत परत विचारत होत्या. बाहेर येताच त्यांनी माझा दंड धरला.

"व्हय गं, तुझं माझ्याहून जास्त कामून? माझ्या माघारी काय खायलीस?"