डोळ्याच्या कोपऱ्यातून

तर बाबांचं पुन्हा तेच... घरी ये, घरी ये म्हणून बोलवायचं आणि आलो की दुर्बिणीवरून डोकं खायचं. "धूर पाहाले एवढा पैसा घातला काय बे? धूर तं चुलीतबी दिसते!" यंदाच्या दिवाळीतही सुरूच.

मी हैदराबादला एका गोदामात माल चढवतो. तिथल्या उजेडात तारे दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण गावी, ढाणकीलाच ठेवली आहे. शाळा नववीत सुटली, हे सगळं मोबाइलवर बघून शिकलो. मला वेड प्लॅनेटरी नेब्युलांचं... म्हातारा तारा संपताना अंगावरचा वायू सोडतो, त्याचा पुसट गोळा.

त्या दिवशी जेवणं झाली आणि रागातच दुर्बीण मित्राच्या शेतात नेली. बाबांनाही ओढत नेलं. म्हटलं, एकदा बघा, मग बोला.

हंस नक्षत्राच्या पंखाजवळ एक नेब्युला आहे, मोठा खोडकर. सरळ बघितलं की मधला तारा तेवढा उरतो, धूर गायब. नजर जराशी बाजूला केली की परत येतो. मला ही नजर जमायला वर्ष गेलं... बाबांना मुद्दामच सांगितलं नाही. थोडी जिरू दे म्हटलं.

बाबा वाकले. "हाये की बे. फुटल्या बोंडावानी हाये."

"आता गायब होईल."

"नाई होत. हाये तिथंच हाये."

मला वाटलं, फेकून राह्यले. लाल टॉर्च लावून बघितलं, तर मान वाकडी, डोळा भलतीकडेच. न शिकवता कोपऱ्यातून बघत होते... रोजची सवय असल्यासारखे.

"बाबा, सरळ पाहा ना."

"सरळ पाह्यलं का मधात काळं येते."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून."

माझे बाबा शिंपी आहेत. मग सुई, मी विचारलं.

"तुही माय ओवून देते. कापडबी तेच बेतते." मग हळूच, "कोणाले सांगू नको. गिऱ्हाईक तुटन."

गणपतीत मी घरी येऊन गेलो होतो. त्यांच्यासमोर बसून जेवलो. मला काहीच दिसलं नाही...

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. गेली ती नजर परत येणार नाही. उरली ती टिकवायची तर इंजेक्शनं घेत राहावी लागतील.

एक घेतलं, आणि काल फोनवर बाबा भडकले. "बस झालं आता. कायले पैसे घालतं माह्यावर?" खूप वेळ भांडलो. गोदामातले सगळे बघत होते.

शिव्या देतात तोवर बरं वाटतं, खरं सांगतो. मायला बजावलंय, त्यांचं काही ऐकू नको, सोमवारी घेऊनच जा. साडेआठ हजार पाठवतोय.