शंभराला दहा, पाटीवर लिहून

"रंगनाथच्या पोटात काही राहत नाही, स्वतःचं कमिशनसुद्धा!" असे सातपूरच्या कामगार वसाहतीतले शेजारी हसून म्हणत.

रंगनाथ कारखान्यात फिटर होता. पावसाळ्यात पुण्याला रेस भरली, की रविवारी पहाटेच्या एसटीने तो सोबत्यांचे पैसे घेऊन निघे. रेसकोर्सच्या खिडकीवर ते लावी आणि जिंकलेल्या रकमेतून शंभराला दहा रुपये घेई. हा दर त्याने जुन्या पाटीवर खडूने लिहून चहाच्या टपरीवर टांगला होता. त्या दहांत एसटीचे भाडे निघे आणि घोडे डोळे भरून पाहता येत. मग आठवडाभर लेथच्या घरघरीतही त्याला टापा ऐकू येत.

सत्त्याण्णव साली धवल नावाचा गृहस्थ गेटवर उभा राहिला. "मीही पुण्याला जातो. कमिशन शून्य!"

सगळे तिकडे धावले. गिऱ्हाईक गेले म्हणजे भाडे गेले, भाडे गेले म्हणजे घोडे गेले. रंगनाथ मनातून हादरला.

"पाटी पुसून टाक रे," सोबती किशोर म्हणाला. "गुपचूप काप."

"ते जमायचं नाही."

उरल्या एकट्या कॅन्टीनमधल्या झुंबरबाई. वीस रुपये देत त्या म्हणाल्या, "तू किती घेणार ते मला ठाऊक हाय. त्याचं नाय."

त्या रविवारी झुंबरबाईंचे वीस लावलेली, फारशा कुणाच्या खिजगणतीत नसलेली एक तांबडी घोडी शेवटच्या वळणावर अशी सुटली, की रंगनाथने शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याची टोपी आनंदाने हवेत उडवली.

सोमवारी पेपरात भाव आला : दहाच्या तिकिटाला दोनशे तीस. रंगनाथने टपरीवर चारशे साठांतून सेहेचाळीस कापले आणि चारशे चौदा झुंबरबाईंच्या हातावर ठेवले. त्याच घोडीवर किशोरनेही धवलकडे वीसच लावले होते. त्याला तीनशे मिळाले होते.

"शून्य म्हणजे एकशे साठ होय रे?" झुंबरबाईंनी टपरीशी सायकल टेकवून उभ्या असलेल्या धवलला विचारले, आणि टपरी हास्याने दणाणली. धवल सायकलची घंटीही न वाजवता सटकला. कुणी ताट वाजवले, कुणी शिट्ट्या मारल्या, किशोरने रंगनाथला खांद्यावर घेतले. झुंबरबाई पाटी उंच धरून पुढे नाचत होत्या, बसस्टॉपवरचे अनोळखी लोकही मिरवणुकीत शिरले.

"राजे, आता तरी दहाचे पाच करा!" खालून किशोर ओरडला.

रंगनाथ वरूनच म्हणाला, "दहा म्हणजे दहाच. परवडत नसेल तर आत्ताच खाली उतरव. पुढच्या सोमवारी घोडा हरल्यावर आपटू नकोस."