दुखायचं थांबलं तेव्हा

उजव्या पायाचा अंगठा सुजला तेव्हा मला काळजी वाटली ती पायाची नाही, गिरनारची. गेल्या वर्षी यांच्या हृदयात दोन ब्लॉक निघाले होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभी राहून मी दत्तमहाराजांना म्हटलं होतं, 'यांना सुखरूप घरी आण, मी गिरनार अनवाणी चढेन.' हे घरी आले. आता डिसेंबरच्या सुट्टीत दत्तजयंतीच्या सुमारास नवस फेडायचा होता आणि तिकिटं हातात होती. मी अबुधाबीतल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. वय बावन्न, सहा वर्षांचा मधुमेह, त्यात कधी न चढलेल्या हजारो पायऱ्या. म्हणून दम वाढावा यासाठी रोज ऊन उतरलं की नवे बूट घालून मी आमच्या गल्ल्यांतून तासभर चालायचे. बूट जरा घट्ट होते. वापरून सैल होतील, असं मीच मला सांगत होते.

तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याची कड लाल झाली. मग ती टरारून सुजली आणि वर्गात फळ्यापाशी उभं राहिलं की ठसठसायची. आई म्हणायची ते नखुरडं असावं, असं वाटलं. कुठे नख टोचतंय म्हणून मी ते कोपऱ्यात खोलवर कापलं. हळद लावली, मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसले. हे म्हणाले, "अगं, युरिक ॲसिड असेल. ऑफिसमधल्या पिल्लईंचा अंगठा असाच सुजला होता." मग तूरडाळ आणि राजमा बंद झाला. मुलगी कॉलेजला जाता जाता दारातून म्हणाली, "आई, प्लीज, जस्ट सी अ डॉक्टर." मी हो हो म्हणत राहिले आणि गेले मात्र नाही. डॉक्टरकडे गेले की तो साखर तपासणार, पाय बघणार आणि 'प्रवास रद्द' असं म्हणणार, याची मला खात्री होती. देवाला दिलेला शब्द एका अंगठ्यापायी मोडायचा? आणि मोडला तर यांच्या जिवाचं काय? हा दुसरा प्रश्न मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण तो रात्रंदिवस माझ्या मनात बसलेला असायचा. हे जिना चढताना जरा धापा टाकत वर आले, तरी माझं काळीज हलायचं.

त्या गुरुवारी देवापुढे बसून मी रडले. 'महाराज, एवढा पाय चालू दे. बाकी काही मागत नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगठा दुखत नव्हता. लाली होती, सूज होती, पण ठसठस पार गेली होती. मी चिमटा काढून पाहिला. काही नाही. मला इतका आनंद झाला की शाळेत पेढे वाटले, नाशिकच्या बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, ऐकलं त्यांनी माझं!" आणि संध्याकाळी पुन्हा बूट घालून चालायला निघाले. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. पण त्या आठ दिवसांत माझी श्रद्धा कधी नव्हती इतकी पक्की झाली होती, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मुसफ्फाजवळच्या एका मॉलमध्ये एक नंबर मोठे बूट घ्यायला गेले. सुजलेला पाय जुन्या बुटात आता शिरेनासा झाला होता. हे ऑफिसच्या कामासाठी गेले होते, मी एकटीच होते. दुकानातल्या बाकावर माझ्या शेजारी काळा अबाया घातलेली, माझ्याच वयाची एक बाई बसली होती. सेल्समनला ती हिंदीत सांगत होती की बूट रुंद हवा, मऊ हवा आणि आत शिवण नको. मग फोनवर कुणाशी तरी मराठीत बोलली, रत्नागिरीकडच्या हेलात. परक्या मुलुखात आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं. मी हसून तिच्याकडे पाहिलं आणि मोजा काढला.

तिचं लक्ष मोज्याकडे गेलं. टोकाला पिवळसर ओला डाग होता, कडेला रक्त सुकलेलं. मी तो पाहिलाच नव्हता.

"ताई, रागावू नका हां," ती म्हणाली. "शुगर आहे का तुम्हाला?"

"आहे. पण आता बरं आहे. आधी फार दुखायचं, आठ दिवस झाले, अजिबात दुखत नाही."

तिचा चेहरा उतरला. हातातला बूट तिने खाली ठेवला. "आमच्या यांचंपण असंच थांबलेलं दुखायचं," ती म्हणाली. "आम्ही खूश झालो. रास अल खैमात टाइल्सच्या फॅक्टरीत आहेत ते. पंधरा दिवस तसेच कामावर गेले. दोन बोटं काढावी लागली. हे बूट त्यांच्यासाठीच बघते आहे."

मनात आलं, ही बाई माझ्यावरच्या कृपेला नाट लावते आहे. मला तिचा रागही आला. मी म्हटलं, "सोमवारी दाखवते." तिने मान हलवली. "सोमवार नाही. आत्ता. यल्ला, उठा, मी येते सोबत." माझी पिशवी उचलून ती चालायलासुद्धा लागली.

क्लिनिकमधले डॉक्टर केरळचे होते, शांत स्वभावाचे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "एका नायलॉनच्या दोऱ्याने पायाला स्पर्श करतो. जाणवलं की हो म्हणा." मी डोळे मिटून बसले. कान देऊन, श्वास रोखून वाट पाहत राहिले. बराच वेळ गेला. शेवटी मी विचारलं, "डॉक्टर, सुरू कधी करताय?" मी डोळे उघडले. डॉक्टर दोरा बाजूला ठेवत होते. आणि ती बाई तोंडावर पदरासारखा आपला हिजाब धरून भिंतीकडे वळली होती.

त्यांचं सगळं करून झालं होतं. मला काहीच कळलं नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. घट्ट बुटामुळे आणि मी कोपऱ्यात खोल कापल्यामुळे नख मांसात रुतलं होतं, तिथे पू झाला होता. युरिक ॲसिडचा झटका बहुतेक वेळा एकाएकी येतो, अंगठ्याच्या मुळाशी सांधा पेटल्यासारखा होतो. माझं तसं नव्हतं. एरवी निरोगी माणसाचं नख थोडंसं रुतलं असतं तर कोमट पाणी, सैल चप्पल आणि नख सरळ कापणं एवढ्यावरही भागलं असतं. पण मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, जखम आत पसरत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. "तुम्ही गरम पाण्यात पाय घालत होतात," ते म्हणाले, "भाजला असता तरी तुम्हाला समजलं नसतं." साखर फार वाढलेली निघाली. जखम हाडापर्यंत गेली आहे का, हे पाहायला एक्स-रे काढला आणि आम्हाला बाहेर बसवलं.

ती अर्धी घटका मी विसरणार नाही. समोर पाय होता, माझाच, आणि तो माझा वाटत नव्हता. नाम घ्यावं म्हटलं तर जीभ उचलेना. ज्याला मी कौल समजले, ज्याचे पेढे वाटले, ते हे होतं? मग देवाने माझं ऐकलं होतं की मला फसवलं होतं? आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न मनात आला आणि मी त्याला घाबरले, एक्स-रेपेक्षाही जास्त. शेजारी ती बाई ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. मधेच तिने माझा हात आपल्या हातात घेतला. "इन्शाल्ला, वाचेल," ती म्हणाली. तिच्या हाताची ऊब मला जाणवली. तेवढी मात्र स्पष्ट जाणवली. आणि तेव्हा मी काहीही न मागता महाराजांना फक्त एवढंच म्हटलं, 'तुमच्या मनात असेल तसं.' नवसाची अट नाही, पाय वाचवा हेही नाही. असं मी पूर्वी कधी म्हटलेलं नव्हतं.

हाड सुखरूप होतं. पायातलं रक्तही नीट वाहत होतं. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये अंगठा बधिर करून नखाची कड काढली, पू काढला, अँटिबायोटिक सुरू केलं. आणखी आठवडा गेला असता तर काय झालं असतं, हे सर्जनने विचारल्याशिवाय सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे धावत आले तेव्हा ती बाई उठली. रास अल खैमाला परत जाणारी गाडी खाली थांबली होती. "खलास, झालं ताई, आता घाबरायचं नाही," म्हणाली आणि गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. दोनदा त्या दुकानात जाऊन चौकशी केली, कुणाला आठवत नव्हतं.

तिकिटं रद्द केली. मी यांना नवसाची भीती सांगितली, तो मोडला तर यांच्या जिवाचं काय, हीसुद्धा. ते म्हणाले, "माझा जीव तुझ्या पायऱ्यांवर टांगलेला आहे असं वाटतं तुला? असला हिशेब महाराज ठेवत असतील?" दत्तजयंतीला मी पाय उशीवर ठेवून घरीच होते. जखम भरायला सहा आठवडे लागले. तेवढ्या काळात माझ्या ध्यानात आलं की आजवर मी शरण गेले असं म्हणत होते तेव्हा खरं तर सौदा करत होते, आणि उत्तर कोणत्या रूपात यावं हेही मीच ठरवून बसले होते. दुखणं थांबलं ती कृपा होती की त्या बाकावर माझ्या शेजारी बसली ती, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला जे कळायचं ते कळलं.

ड्रेसिंग करणाऱ्या नर्सने बजावलं होतं की रोज दोन्ही तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी दाखवायचे. मला वाकून तळवे नीट दिसत नव्हते. पहिल्या सकाळी हे चष्मा लावून जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला, तशी मी पाय ओढून घेतला. "अहो, काय करताय? पाप लागेल मला."

"लागू दे," ते म्हणाले. "पाय दे इकडे."

मी पाय दिला. त्यांची बोटं फिरत होती ती मला कळत नव्हती, फक्त दिसत होती. एकेक बोट बाजूला करून ते उजेडात धरून बघत होते. मी डोळे मिटले, हात जोडले आणि तशीच बसून राहिले.