खिडकीची जागा

मोर्चासाठी गाडी ठरवायला मी श्रीरामपुरातल्या एका टूर ऑफिसात गेलो होतो. तिथे साठीच्या एक बाई सहलीचा फॉर्म भरत होत्या. डाव्या हातात कादंबरी, वाचलेल्या पानात बोट अडकवलेलं.

"आजी, एकट्या बाईला मुलाची सही लागते," कारकून म्हणाला.

मघाशी एकट्या म्हाताऱ्याला यानेच चहा पाजून, कुणाची सही न मागता सहलीत जागा दिली होती! "कोणत्या कायद्यात?" मी ओरडलो.

"दम धर, बाळा," बाई म्हणाल्या. "ह्या पुस्तकातल्या बाईला सहलीत प्रेम गावलं, सोताची वळख पटली. मला निस्ती खिडकीची जागा पायजे. अन् पोराला सही करायला मीच शिकवलंय."

मुलाच्या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली. कारकुनाने फॉर्म परत सरकवला.

"मग बसते हितंच," म्हणत त्यांनी पुस्तक उघडलं. मोर्चाची गाडी राहिली बाजूला. मीही शेजारी बसलो.