लॅबमधली मधली सुट्टी

रुपचंद तायडे मूळचा सावद्याचा. वडील केळीच्या वखारीवर हमाली करायचे. रुपचंदने भुसावळला आयटीआय केलं, काही वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले आणि मग धुळ्याच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये सहायक म्हणून चिकटला. निघताना आई, द्रौपदाबाई, दारात उभी राहून म्हणाली होती, "धुळ्यात आपलं कोनी नाही रे." तो हसला होता. माणसं काय, ओळखीनं होतात, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

खोली शोधायला त्याला महिना लागला. आडनाव सांगितलं की 'कालच दिली हो' असं उत्तर यायचं. शेवटी वच्छलाबाई नावाच्या एका विधवा बाईने मागच्या अंगाची खोली दिली. दार वेगळं, नळ वेगळा. बाई वाईट नव्हत्या. भेटल्या की "काय तायडे, बरं आहे ना?" विचारायच्या. पण तीन वर्षांत त्यांनी त्याला पुढच्या घरात ये म्हटलं नाही आणि तोही कधी गेला नाही. शिवाय इथली सगळी माणसं अहिराणी बोलायची. त्याची बोली जळगावच्या पूर्वेकडची. तो बोलायला लागला की लोक ऐकून घ्यायचे, पण मध्येच गालात हसायचे. म्हणून तो कामापुरतं पुस्तकी मराठी बोलू लागला आणि हळूहळू कामाखेरीज बोलायचंच राहिलं.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. लॅबमध्ये दहा संगणक होते, तेही जुनाट. विभागप्रमुख बोरसे सरांना एका मासिकाबरोबर लिनक्सची फुकट सीडी मिळाली. त्यांनी ती रुपचंदच्या हातात ठेवली. "बघा तायडे, जमतंय का. मुलांना युनिक्स शिकवायचंच आहे, मग हेच घालू."

रुपचंदने ती दहाही मशीनवर चढवली. सगळी मशीनं एकमेकांना जोडायची तर आणखी उठाठेव होती. दोन मशीनमधली नेटवर्कची कार्डं ओळखलीच जाईनात. ती आतल्या दुसऱ्या कार्डाशी एकाच क्रमांकासाठी भांडत होती, ते कळायला त्याचे कितीतरी दिवस गेले. मग त्याने एकेका मशीनला पत्ता दिला आणि पत्त्याला नाव. नावं आपल्या मुलखातल्या नद्यांची ठेवली: तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर. सगळ्या मुलांच्या फाइली ज्या मशीनवर राहायच्या ती तापी. तो स्वतः ज्या मशीनवर बसायचा तिला त्याने आपल्या गावाकडच्या नदीचं नाव दिलं, सुकी. सुकीवर बसून 'पिंग गिरणा' असं टाइप केलं की गिरणेकडून उत्तर यायचं. दर सेकंदाला एक ओळ. ज्या दिवशी दहाही मशीनं उत्तर देऊ लागली, त्या दिवशी त्याला कोणालातरी हे सांगावंसं वाटलं. बोरसे सर बैठकीत होते. तो खाली गेला, चहा प्यायला आणि परत आला.

फेब्रुवारी सरला, ऊन तापायला लागलं, आणि दुखणं सुरू झालं.

सकाळचं प्रॅक्टिकल सुरळीत व्हायचं. मधल्या सुट्टीत रुपचंद लॅबचं दार लोटून घ्यायचा आणि स्टँडजवळच्या खानावळीत जेवायला जायचा. दुपारी मुलं येऊन बसायची, तर सगळी मशीनं गोठलेली. पडद्यावर एकच ओळ यायची, तापी उत्तर देत नाही. मुलं खुर्च्या फिरवत बसायची, पोरी कुजबुजायच्या. रुपचंद गुडघ्यावर बसून टेबलांखालून सरकत जायचा.

या दहा मशीनना जोडणारी काळी गोल तार एकच होती. एका मशीनपासून दुसऱ्या मशीनकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी माळेसारखी गेलेली. प्रत्येक मशीनपाशी टी आकाराचा जोड आणि तारेच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी टोपी. माळेत एक जोड सैल झाला किंवा टोकाची एक टोपी निसटली, की एक मशीन बंद पडून भागत नाही, दहाच्या दहा मुकी होतात. आणि दोष कुठे आहे ते कोणतंच मशीन सांगत नाही. रुपचंद एकेक जोड हलवत जायचा. कुठल्यातरी क्षणी मशीनं पुन्हा बोलू लागायची. कोणत्या जोडामुळे, ते कळायचं नाही. तोवर तास संपलेला असायचा.

त्याने कार्डं बदलून पाहिली. ड्रायव्हर पुन्हा चढवले. तार मधोमध तोडून, तिथे टोपी लावून अर्धी-अर्धी तपासली. दोन्ही अर्ध्या निरोगी. उन्हानं जोड प्रसरण पावत असतील म्हणून त्याने कूलर सुट्टीतही चालू ठेवायला सुरुवात केली. त्यानंतर तर दुखणं रोजचंच झालं.

"तायडे," एके दिवशी बोरसे सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "परीक्षा तोंडावर आली. तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा. नाशिकची माणसं बोलावतो."

"दोन-चार दिवस द्या, सर."

सरांनी मान हलवली. त्या संध्याकाळी खोलीवर जाताना रुपचंदच्या मनात आलं, ही नोकरी गेली तर धुळ्यात आपण नाही हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला जाण्याआधी त्याने सुकीवरून तापीला पिंग लावून ठेवलं. परत येऊन पाहिलं, तर उत्तरं सुट्टीची घंटा होऊन थोड्याच वेळात थांबलेली. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. उन्हाचा दोष असता तर तो हळूहळू वाढत गेला असता. हे कोणीतरी ठरल्या वेळी येऊन बटण दाबावं तसं होत होतं. तिसऱ्या दिवशी तो खानावळीच्या दारापर्यंत गेला आणि तसाच माघारी फिरला.

लॅबचं दार नुसतं टेकवलेलं होतं. कूलर घुरघुरत होता. आत कोणी दिसेना. तो टेबलांच्या ओळीतून शेवटपर्यंत गेला आणि थांबला.

शेवटच्या टेबलामागे, भिंत आणि टेबल यांच्यामधल्या वीतभर जागेत, भागाबाई बसली होती. कॉलेज झाडणारी बाई. मांडीवर फडकं पसरलेलं, त्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. टेकलेल्या पाठीमागे तारेचं टोक दाबलं गेलं होतं आणि टोपी वाकडी होऊन लोंबत होती.

त्याला पाहताच ती घाईघाईने उठायला लागली. फडक्यातली भाकरी जमिनीवर पडली.

"मी काहीच नही करं भाऊ. नुसती बठेल व्हती."

रुपचंदच्या तोंडात रागाचे शब्द येऊन राहिले होते. इतक्या दिवसांची बोलणी, गुडघ्यांची सालटी, सगळं. पण त्याचं लक्ष त्या जागेकडे गेलं. एवढ्याशा फटीत माणूस बसलाच कसा?

"इथं का बसता तुम्ही?" त्याने विचारलं. "बाहेर शिपाई लोक बसतात ना टाकीपाशी?"

"बाहेर बठ्ठं तपेल शे. आठे कूलर शे." बाहेर सगळं तापलेलं, इथं गारवा, एवढंच तिचं म्हणणं. मग पडलेली भाकरी झटकत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तठे बठ्ठा एकच इचारतस. पोऱ्या तुले कधी लई जाई?"

हळूहळू कळलं ते असं. तिचा एकुलता एक मुलगा, झुलाल, सुरतेला उधन्याला कापडाच्या लूमवर होता. 'जागा झाली की नेतो' म्हणून गेला, त्याला पाच दिवाळ्या झाल्या. ती त्याला दोष देत नव्हती. पण जेवताना रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर, ते तिच्या घशाखाली उतरेना. म्हणून जिथे कोणी विचारणार नाही अशी जागा तिने शोधली होती.

रुपचंद खाली बसला, टोपी काढली, नीट बसवून पिळली. सुकीच्या पडद्यावर ओळी पुन्हा धावू लागल्या. मशीनच्या दुखण्याचं निदान झालं होतं आणि त्याला आनंद म्हणावा तसा होत नव्हता.

"आते माले काढी टाकतीन का?" भागाबाईने विचारलं.

"नाही."

"तू जेवना का?"

त्याने नाही म्हटलं. तिने उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले. "ले, खा."

दुसऱ्या दिवशी त्याने अख्खी तार टेबलांखालून काढून भिंतीवरून हातभर उंचीवर खिळ्यांनी पक्की केली. बोरसे सर पाहायला आले. "काय होतं हो शेवटी?"

"टोक सैल व्हायचं, सर. तार खालून होती, धक्का लागायचा."

"कोणाचा?"

"कोणाचाही लागतो, सर."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तारेकडे, आणि "छान केलंत" म्हणून ते गेले. परीक्षा बिनघोर पार पडली.

खानावळ मात्र सुटली. रुपचंद सकाळी खोलीवर पोळ्या करून डबा आणू लागला. भागाबाई आता फटीत बसत नसे. खिडकीखाली सतरंजीवर दोघं समोरासमोर बसायची. तो तिला अक्का म्हणू लागला. तो आपल्या बोलीत बोलायचा, ती तिच्या. तिला त्याचे काही शब्द कळायचे नाहीत, पण ती हसायची नाही. "म्हंजे काय?" असं सरळ विचारायची.

आडनावाचा प्रश्न ती कधी काढील याची तो वाट पाहत होता. तिने काढलाच नाही. शेवटी त्यानेच एके दिवशी सांगून टाकलं, की अक्का, आम्ही जय भीमवाले. ती ठेच्यातली शेंगदाण्याची फोलं वेचत होती. "माले पहिलेच मालूम शे," ती म्हणाली. "देवचंदनी सांगेल शे." देवचंद म्हणजे कॉलेजातला शिपाई. एवढं बोलून ती पुन्हा फोलं वेचू लागली.

एकदा तिने पडद्यावरच्या धावत्या ओळी पाहून विचारलं, हे काय चाललंय. त्याने समजावलं की सुकी पांझरेला हाक मारतेय आणि पांझरा ओ देतेय.

"पांझरा काय ओ दी?" ती म्हणाली. "पांझरामां तं पानीच नही."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. धुळ्यात आल्यापासून आपण असे हसलो नव्हतो, हे त्याला रात्री आठवलं.

गणपतीच्या सुमारास एका सोमवारी ती आली नाही. रुपचंद डबा न उघडता बसून राहिला. सुट्टी संपायला आली तेव्हा देवचंदने दारातून डोकावलं. "काय, भागाबाईची वाट पाहता का? तिला मुलगा घेऊन गेला. काल आला, आज पहाटेच्या गाडीने गेले. फार खूश होती बाई."

"चांगलं झालं," रुपचंद म्हणाला, आणि ते त्याला खरोखरच चांगलं वाटलं. मग त्याने डबा उघडला. दोन घास खाल्ले आणि झाकला.

त्यानंतर लॅबमध्ये कधी बिघाड झाला नाही म्हटलं तरी चालेल. उलट बोरसे सरांनी चार ठिकाणी नाव सांगितलं आणि रुपचंदला बाहेरून बोलावणी येऊ लागली. भडगावच्या एका शाळेत त्याने सहा मशीनं जोडून दिली, मुक्ताईनगरला एका कॉलेजात लिनक्स चढवून दिलं. लोक स्टँडवर घ्यायला यायचे, काम झालं की हार घालायचे, फोटो काढायचे. मग जेवायची वेळ व्हायची आणि कोणीतरी म्हणायचं, "तुमचं इथंच मागवलंय हं, तायडेसाहेब." त्याच्या एकट्यापुरतं ताट लॅबमध्ये यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने देवचंदकडून पत्ता विचारून घेतला आणि सकाळच्या एसटीने सुरतेला गेला. उधन्याच्या त्या गल्लीत दोन्हीकडे लूमचा एवढा खडखडाट होता की पत्ता ओरडून विचारावा लागला. घर म्हणजे एक खोली आणि वर माळा. त्यात झुलाल, त्याची बायको पुष्पा, तीन मुलं आणि भागाबाई.

"हाऊ मना धुळाना भाऊ!" भागाबाईने सगळ्यांना ओरडून सांगितलं. लुगडं नवं होतं, अंगावर थोडं मांसही चढलं होतं. झुलाल सरळ माणूस निघाला. त्याने जावयासारखी सरबराई केली. पुष्पाने पाहुण्याचं आणि नवऱ्याचं ताट वाढलं, मुलांना बसवलं.

"अक्का?" रुपचंदने विचारलं.

"त्या मागून बसतात," पुष्पा म्हणाली. "जागा कुठे आहे भाऊ, एकदम सगळे बसायला?"

त्याने मान वळवून पाहिलं. चुलीमागच्या कोपऱ्यात, पिंप आणि भिंत यांच्यामध्ये, एक पाट मांडलेला होता.

"मी पण मागून बसतो," तो म्हणाला. झुलालने आग्रह केला, पण तो ऐकेना. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तो आणि भागाबाई समोरासमोर बसले. लूम चालूच होते, त्यामुळे बोलणं होण्यासारखं नव्हतं. तिने तोंड त्याच्या कानाजवळ आणून विचारलं, "तुनासंगे आते कोण बठस?"

"पोरं बसतात की," तो खोटंच म्हणाला. "चांगली आठ-दहा जणं."

तिने समाधानाने मान हलवली आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात टाकली. सुख आहे का, हे त्याने विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. निघताना ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली, "येत जाय" म्हणाली, आणि नातवाने हाक मारली तशी लगबगीने मागे वळली.

पुन्हा जाणं काही झालं नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीला सुरतेपासूनच गर्दी नव्हती. व्यारा गेलं, सोनगड गेलं. खिडकीतून सागाची झाडं मागे पळत होती, ऊन उतरायला लागलं होतं. नवापूरला काही आदिवासी बायका टोपल्या घेऊन चढल्या आणि पुढच्या बाकांकडे गेल्या. रुपचंदची पिशवी शेजारच्या सीटवर होती. ती त्याने उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे थोडा सरकून बसला. कोणाला बसायचं असेल तर बसावं.